तावियोकाचे पाय

सोललेल्या तावियोकाच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदासारखं पांढुरकं, म्हणून कुत्र्याच्या पिल्लाचं नावच तावियोका पडलं. माझ्या मुलानं ते सावुसावू शहरातून बोटीनं पाठवलं होतं. आदल्या वर्षी आमच्या गावातली कुत्री उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी पटापट गेली. माझी म्हातारी कुत्रीही गेली. त्यानंतर अंगण फार गप्प झालं होतं.

जनावरांची डॉक्टरीण आरिएता होडीनं आली, की चर्चजवळच्या झाडाखाली बर्फाची पेटी उघडून बसते. तिनं तावियोकाला पहिली सुई टोचली आणि मला बजावलं, "मावशी, एका सुईनं भागत नाही. आईकडून आलेली ताकद अंगात असते तोवर लस नीट लागत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. सगळ्या सुया होईपर्यंत ह्याचे पाय बाहेरच्या मातीला लागू द्यायचे नाहीत. माती हा रोग महिनोन्महिने धरून ठेवते. माणसाच्या पायांनीही येतो तो."

तेव्हापासून पिल्लू चटईवर किंवा माझ्या कडेवर. दारात ब्लीच घातलेल्या पाण्याची बादली. संध्याकाळच्या प्रार्थनेलाही ते टोपलीत माझ्यासोबत असे आणि नेमकं 'आमेन'च्या आधी कुईकुई करी.

अशात एक दिवस खाडीपलीकडच्या नागारावीहून माझी मामेबहीण मकेरेता आली.

"बुला, तितिलिया! अजून जिवंत आहेस का गं?" ती वाटेवरूनच ओरडली.

"तुला आधी पोचवीन, मग जाईन. थांब तिथंच. पाय पुढे कर."

"का? पाय मोडायचेत माझे?"

"धुवायचेत."

तिच्या गावात अजून कुत्री मरत होती. मी गुडघे टेकून तिचे पाय आधी साबणानं, मग बादलीतल्या पाण्यानं धुतले. चपला बाहेरच ठेवल्या. ती वरून हसत होती. "पाय धुऊन घ्यायला मी काय प्रभू आहे का? हं, बोटांच्या मधे पण घास. आलीच आहेस तिथवर तर."

आमच्यात मामे-आते बहिणींनी एकमेकींची अशी टर उडवायचीच असते. पण आत आल्यावर पिल्लू तिच्या मांडीवर चढून झोपलं आणि मकेरेता टर उडवायची विसरली. नवरा गेल्यापासून तिच्या पायाशी जे कुत्रं बसायचं, ते गेल्या महिन्यात मेलं होतं. चहा निवून गेला, तरी तिनं पेला उचलला नाही.

"तितिलिया," ती हळूच म्हणाली, "केरेकेरे. हा मला दे."

हा मागण्याचा शब्द आला, की आमच्याकडे हात मागे घेता येत नाही. त्यातून माझा रोजचा नेम. पहाटेच्या प्रार्थनेत मी देवाला सांगते, आज माझ्या दारातून कुणी 'नाही' ऐकून जाणार नाही.

"अजून दोन सुया राहिल्यात गं त्याच्या," मी म्हणाले.

"एक टोचलीय ना? मग झालं की. तू काय बाप्तिस्माही तीनदा घेतलास?"

"मकेरेता, तुझं कुत्रं तुझ्या अंगणातच मेलं. तीच माती आहे."

ती नुसता पिल्लाच्या कानावरून हात फिरवत राहिली. दिलं तर तावियोका मरेल, नाही दिलं तर ही रिकाम्या घरी परत जाईल. मी चुलीपाशी गेले. नारळाच्या दुधात अळूची पानं शिजत होती. ती ढवळता ढवळता मनात देवाशी बोलले. मग बाहेर आले.

"घे. तुझा झाला."

तिचे डोळे भरून आले.

"आता माझं केरेकेरे," मी म्हणाले.

"माग. माझ्या घरात आहे काय? तवा हवाय?"

"तू हवीस. शेवटची सुई होईपर्यंत इथंच राहायचं. दोघांनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "लबाड बाई! दिवसभर देवाचं नाव घेते आणि असे डाव टाकते!" पण तिलाही 'नाही' म्हणता येईना.

ती राहिली. बाहेरून आली की कुरकुरत पाय धुवायची. पहाटे मी उठले, की पांघरुणातून बोलायची, "देवाला तरी झोपू दे जरा." मग स्वतःच उठून पिल्लाला मांडीवर घेऊन माझ्या मागे बसायची. चर्चला जाताना टोपली मला उचलू द्यायची नाही.

शेवटची सुई टोचून झाली. आरिएता म्हणाली, "अजून आठवडाभर उचलून धरा. मग सोडा खुशाल."

मकेरेता जागची हलली नाही. "पोरी, केरेकेरे. ही पेटी घेऊन माझ्या गावी चल. तिथं अजून पिल्लं आहेत."

"माझ्या फेरीत नागारावी नाही हो, मावशी."

"फेरी कुणी मागितली? मी सुया मागतेय."

आरिएतानं माझ्याकडे पाहिलं. ती पोरही आमच्याच बेटांवरची. तिनं पेटीत डोकावून उरलेलं औषध पाहिलं, झाकण घट्ट लावलं आणि हसली. "भरती आहे तोवर निघू या. बसा होडीत."

मकेरेता पिल्लाला छातीशी धरून पाण्यात उतरली, होडीत चढली. त्याचे चारही पाय हवेत लोंबत होते. मी किनाऱ्यावर उभी होते. घरातली रिकामी चटई डोळ्यांसमोर आली आणि मी तोंड फिरवलं.

"तितिलिया!"

"आता काय राहिलं?"

"केरेकेरे! हा पहिल्यांदा जमिनीवर पाय टाकेल तेव्हा मला तू तिथं हवीस. आठवडाभर माझे पाय कोण धुणार?"

मी मागे वळून दारातली बादली आणायला गेले.