रोशाच्या वासाची हाक

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. अंघोळीचं पाणी तापवायचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. मी रोशा गवताचं तेल काढतो. वर्धा जिल्ह्यात, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावाच्या टोकाला माझी भट्टी आहे. डोक्यावर झाकण, आणि झाकणातून निघालेली लांब नळी थंड पाण्याच्या टाक्यात बुडालेली, फक्त तिचं तोंड टाक्याबाहेर.

कार्तिकात रोशा फुलोऱ्यावर आला की तो कापायचा, सावलीत सुकवायचा आणि माझ्या पोटात पायांनी दाबून भरायचा. खालून जाळ लागला की वाफ गवतातलं तेल उचलून नळीत शिरते, टाक्यात गार होते, तोंडाशी थेंब थेंब गळते आणि खालच्या भांड्यात तेल पाण्यावर तरंगतं. त्या तेलात मुख्य पदार्थ एकच, जेरॅनिऑल. कार्बनचे दहा अणू, जातीने अल्कोहोल, पण नशा नाही आणि वास थेट गुलाबाचा. साबणात, अत्तरात, अगरबत्तीत, डासांच्या मलमात तो गुलाबाच्या नावावर मिरवतो. कौतुक गुलाबाचं आणि काजळी माझ्या बुडाला! चालायचंच.

पुनाजीने मला चाळीस वर्षं चालवलं. झाकणाची फट चिखलाने लिंपली की तो त्यावर उजवा अंगठा दाबायचा. विळ्याने मधोमध चिरलेला अंगठा होता तो. हंगामाचा पहिला थेंब मात्र बायकोच्या, रामबाईच्या मनगटावर लावायचा. त्याआधी बाटलीत थेंब पडू द्यायचा नाही, हा त्याचा नेम.

पुढे कारखान्यात बनवलेलं जेरॅनिऑल स्वस्तात मिळू लागलं आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. वाईट वाटायचं हो. त्याच सुमाराला पुनाजी विसरू लागला. आधी वार विसरला, मग मुलाचं, गोपालचं नाव, आणि शेवटी रामबाईलाच. गेल्या कार्तिकात गोपालने मला भंगारात काढायचं ठरवलं, आणि त्याच आठवड्यात पुनाजी जंगलात निघून गेला.

दोन दिवस गावाने जंगल पालथं घातलं. नाल्याकाठी वाघाच्या पंजांचे ताजे ठसे दिसले, पुनाजी दिसला नाही. तिसऱ्या दुपारी रामबाई गवताचा भारा घेऊन माझ्यापाशी आली.

"भट्टी पेटव," ती गोपालला म्हणाली.

"माय, हे काय तेल काढाची येळ हाय?"

"तेल नाई काढाचं. नळी पान्यातून वर घे. सारा वास जंगलात जाऊ दे. तो मले इसरला, पन वासाले नाई इसरनार."

गोपाल जागचा हलेना. तेव्हा त्याची मुलगी रक्षा बोलली. ती वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. "बाबा, आजीचं ऐका. मधमाश्या वाट चुकलेल्या माश्यांले घरी बोलवाले असाच वास सोडतेत. जेरॅनिऑल असते त्याच्यात."

रामबाईने फट लिंपली, पण अंगठा दाबला नाही. "ते जागा त्याची हाय," एवढंच म्हणाली.

जाळ लागला. चाळीस वर्षं जपलेला वास मी वाऱ्यावर सोडून दिला. आधी मधमाश्या आल्या. लाकडांवर, टाक्याच्या कडेवर, रामबाईच्या पदरावर बसत गेल्या. सूर्य बुडाला तरी एकही पोळ्याकडे परतली नाही. हजारो माश्या, आणि गुणगुण नाही. जन्मभर विस्तवावर बसलेला मी, पण त्या संध्याकाळी मला भीती वाटली.

मग गवतातून पुनाजी आला. पाय काट्यांनी फाटलेले, पापणी लवत नव्हती, आणि केसांत, खांद्यांवर माश्याच माश्या. एकही डसत नव्हती. तो गोपालच्या अंगावरून पुढे गेला, रामबाईच्याही गेला, आणि माझ्या तापल्या चिखलावर त्याने अंगठा दाबला. अंगठा तोच, चिरलेला. फक्त इतका गार होता की माझ्या पोटातली वाफ क्षणभर थांबली.

"नळी कोनं काढली? सारा वास चालला," तो म्हणाला.

"अवो, घरी चाला," रामबाई म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुमी कोन? माया घरचीले निरोप सांगजा. तेल निघालं का येतो मनावं."

आणि तो माझ्यासमोर बसला. नळी हवेत होती, तेल निघणारच नव्हतं. नळी पाण्यात सोडली तर वास थांबणार, आणि वास थांबला तर हा पुन्हा कुठे जाईल, कोणी सांगावं?  शेवटी त्याच्या निरोपावर विसंबून रामबाईने स्वतःच्या हाताने नळी पाण्यात सोडली.

वास विरळ झाला. माश्या एकेक करून उठल्या आणि अंधारू लागलेल्या जंगलाकडे निघाल्या. पुनाजीही उठला आणि त्यांच्यामागे चालू लागला. गोपाल धावणार, तोच रामबाईने त्याचा हात धरला. आणि नळीच्या तोंडाशी पहिला थेंब जमला.

पुनाजी वळला. सवयीने त्याने थेंबाखाली बोट धरलं, आणि मग तो मनगट शोधू लागला. रामबाईने आपलं पुढे केलं. त्याने थेंब लावला, वाकून बराच वेळ हुंगलं.

"रामी," तो म्हणाला, "लय थंडी पडून राह्यली. घरी चाल."

आता मला भंगारात द्यायची गोष्ट कोणी काढत नाही. रोज सकाळी रामबाई त्या रात्रीच्या तेलाच्या बाटलीतला एक थेंब मनगटावर लावते आणि पुनाजी तिला ओळखतो. पण जेरॅनिऑल उडून जाणारं असतं. संध्याकाळी तो विचारतो, "बाई, तुमी कोन?" आणि जंगलाकडे बघत बसतो. तेव्हा कुंपणावर काही माश्या बसलेल्या असतात. कोणाची वाट बघतात, ते मला ठाऊक आहे.

म्हणून मित्रांनो, रोशाचे उतार नांगरू नका, पेटवू नका. मला घासून लखलखीत करायची हौस असेल तर बाहेरून करा, आतून हात लावू नका, तिथे थोडा वास शिल्लक आहे. बाटलीत दोन बोटं तेल उरलंय, आणि कार्तिक अजून लांब आहे.