हाड शाबूत

ठकी सायकलवरून पडली तेव्हा हँडलचं टोक तिच्या डाव्या बरगड्यांखाली रुतलं. बाप हाडवैद्य. त्याने तिला दुकानातल्या बाकावर निजवलं, एकेक बरगडी चाचपली आणि निकाल दिला, "हाड शाबूत, म्हणजे पोर शाबूत."

बरगड्यांच्या आड काय असतं, ते त्याच्या धंद्यात येत नव्हतं. तिथे, जठराच्या मागे, डाव्या मूत्रपिंडाला टेकून पाणथरी असते. प्लीहाही म्हणतात तिला. मुठीएवढी, जांभळट, रक्ताने भिजलेल्या स्पंजासारखी. जुन्या झालेल्या रक्तपेशी ती निवडून काढते, जंतूंशी झुंजते. वरचं आवरण मात्र पातळ. ते फाटलं की रक्त पोटात पाझरू लागतं, कधी कधी इतकं सावकाश की कुणाला पत्ता लागत नाही.

दोन दिवसांनी ठकी म्हणाली, "बाबा, डावा खांदा दुखतोय."

त्याने खांदा सगळीकडून फिरवला. सूज नाही, कळ नाही.

"इथे दुखतं?"

"नाही. आडवी झाले की दुखतो."

"आणि उभी राहिलीस की बरा! वा! परीक्षा आहे का गं शाळेत?"

बाकावरची गिऱ्हाइकं हसली. ठकीही कसनुशी हसली.

"अहो, डॉक्टरला दाखवू या," आई म्हणाली. "तोंड बघा तिचं, पांढरंफटक पडलंय."

"हाडवैद्याची पोर खांद्यासाठी डॉक्टरकडे? मग उद्यापासून इथे कोण येणार, माश्या?"

"पोर मोठी की दुकान?"

"माझ्या बोटांना कळतं. खांद्यात काही नाही. नाटकं आहेत सगळी."

बोटं खोटं बोलत नव्हती. खांद्यात खरंच काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी मोरीत कोसळली.

रक्त इतकं गेलं होतं की इस्पितळात पाणथरी काढूनच टाकावी लागली. नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, सांडलेलं रक्त छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला डिवचतं. त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच. मेंदू फसतो. आग पोटात, बोंब खांद्यात.

"आता तिला लसी द्यायच्या. आणि साधा ताप आला तरी लगेच इथे आणायचं. जंतूंना अडवणारी चौकी गेलीय तिची. ताप अंगावर काढलात, तर पोर हातची जाईल."

हाडवैद्याने मान डोलावली. दुकानात मात्र तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "मी म्हटलंच होतं, खांद्यात काही नाही. माझा हात चुकत नाही." ठकी आतल्या खोलीतून ऐकत असे.

पुढे एकदा दुपारभर ती त्या खोलीत पांघरूण घेऊन पडून होती. बाहेर तो कुणाचा तरी गुडघा बांधत होता. संध्याकाळी आई कामावरून आली, आत गेली आणि ओरडली, "अहो, पोर तापाने फणफणलीय!"

तो धावत आला. "कधीपासून गं?"

"दुपारपासून."

"मी इथेच तर होतो! हाक का नाही मारलीस?"

"आईची वाट बघत होते."

टॅक्सीत तो पुढे बसला. वाटेत मागे वळून वळून विचारत होता, "कुठे दुखतंय, बाळा? मला सांग ना." ठकीला हुडहुडी भरली होती. ती सांगत होती, पण आईच्या कानात.