जीभ लावून पाहिलेला साबण

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता पार थकले आहे. स्वयंपाकाची कढई नाही हं मी. माझ्यात साबण शिजतो. एक माणूस आत उकिडवा बसेल एवढं माझं पोट आहे. लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हा वाटलं होतं की एवढा मार खाल्ला, आता पुढे सुखच असणार. कसलं सुख नि कसलं काय! तिथून उचलली ती थेट साबणाच्या कारखान्यात चुलीवर चढवली.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. भिंती तेलकट, खिडक्या उंचावर आणि फरशी इतकी गुळगुळीत की नवा माणूस हमखास आपटतो. सासूबाई इथल्या मालकीण. सून त्यांच्या हाताखाली काम करते आणि मुलगा बाजाराचं बघतो.

साबण कसा होतो तेही सांगते, नाहीतर म्हणाल, कढई नुसतं रडगाणं गाते. तेलाचा प्रत्येक कण म्हणजे तीन लांब शेपट्यांची जुडी. त्या तिन्हींना एका टोकाला ग्लिसरीनने धरून ठेवलेलं असतं. या जोडांना शिकलेली माणसं एस्टर म्हणतात. कॉस्टिक सोड्याचं पाणी तापलेल्या तेलात पडलं की ते हे जोड तोडत सुटतं. सुटलेल्या शेपट्या सोड्याशी सोयरीक जुळवतात आणि त्यांचा साबण होतो. ग्लिसरीन बिचारं मोकळं होतं. तुम्हाला वाचायला क्षणभर लागला. मला विचारा, खालून जाळ, आतून सोडा आणि वरून लाकडी दांड्याचं ढवळणं सोसत दिवसभर उभं राहणं काय असतं ते! एकदा माझ्या शेजारी ॲल्युमिनियमचं चकचकीत पातेलं आलं होतं. भारी तोरा होता त्याला. कुणीतरी त्यात सोड्याचं पाणी ओतलं, तर फसफसून काळंठिक्कर पडलं. मी मात्र टिकले. टिकणाऱ्यालाच जास्त राबावं लागतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

साबण घट्ट झाला की सासूबाई चिमूटभर बाजूला काढून गार करत आणि जिभेच्या टोकाला लावत. सोडा उरला असेल तर जिभेला झणका बसे. मग आणखी तेल घालायचं. झणका बसला नाही तर त्या माझ्या काठावर थाप मारून म्हणत, "गुणाची आहे माझी बाई!" तेवढ्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढी. तुम्ही मात्र असली परीक्षा चुकूनही करू नका.

पुढे यंत्रावरचे साबण आले आणि आमचं गिऱ्हाईक आटलं. मी थंड पडून राहू लागले. कुणी माझ्यात मोडक्या टोपल्या टाकल्या, कुणी जुनी पोती. पण सुनेला मूल झालं आणि त्याच्या अंगावर पुरळ उठलं. विकतचा एकही साबण त्याला मानवेना. तेव्हा सासूबाई पदर खोचून म्हणाल्या, "काढा ती कढई. माझ्या नातीला मी साबण करते."

नेमकं खोबरेल संपलं होतं. मुलगा सूर्यफुलाचं तेल घेऊन आला.

"चालेल ना गं आई? तेल ते तेल."

सासूबाईंनी मान डोलावली आणि सोडा नेहमीच्याच मापाने घातला. इथेच घोटाळा झाला. खोबरेल सोडा जास्त पितं, सूर्यफुलाचं तेल कमी. उरलेला सोडा माझ्या पोटात तसाच चावत राहिला. पण मी कढई, बोलणार कशी? वाटलं, सासूबाईंची जीभ आहे ना, ती पकडेल.

त्यांनी चिमूट जिभेला लावली. मग पुन्हा लावली. सून लेकीला कडेवर घेऊन उभी होती.

"झाला का हो आई?"

"झाला."

सून साच्याकडे वळली. तिच्या कडेवरून बाळाचा लालबुंद, खाजवून सोललेला पाय लोंबत होता. सासूबाई त्या पायाकडे बघतच राहिल्या.

"थांब. साच्यात ओतू नकोस. मला कळत नाहीये गं."

"म्हणजे?"

"त्या मोठ्या तापापासून जीभ मेलीय माझी. मीठ कळत नाही की तिखट कळत नाही. सांगितलं असतं तर या कढईपाशी मला उभं कुणी केलं असतं? मग मी घरात करायचं तरी काय?"

सुनेने बाळ नवऱ्याकडे दिलं आणि चिमूट स्वतःच्या जिभेला लावली. "आई गं!" म्हणून ती जी उडाली ती थेट नळापाशी. चुळांवर चुळा भरल्या. मला वाटलं, आता ही सासूबाईंना फैलावर घेणार. डोळे पुसत ती परत आली.

"अहो, मग सांगायचं नाही का आधी? माझी जीभ काय नुसती तुमच्याशी भांडायलाच आहे?"

सासूबाई हसता हसता रडू लागल्या. सुनेने त्यांना माझ्याशेजारी स्टुलावर बसवलं. "तेल किती घालायचं ते तुम्ही सांगा, चाखायचं मी बघते." आणि सगळं नव्याने शिजायला लागलं. माझं बूड आधीच पातळ झालंय, हाडं दुखत होती, पण मी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी सून चिमूट चाखून म्हणाली, "आता काही लागत नाही." त्या साबणाने बाळाला न्हाऊ घातलं सासूबाईंनीच.

मित्रांनो, मला फार काही नको. काम झाल्यावर तेलाचा हात फिरवा, म्हणजे गंजायची नाही. आम्हा लोखंडाचा गंज निदान वरून दिसतो. घरातलं राबणारं माणूस आतून झिजतं आणि जागा जाईल या भीतीने गप्प बसतं. त्याला विचारत जा. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणालं, तरी पुन्हा एकदा विचारा.