पान्याला लावलेला पाईप

हसायचं तर हसून घ्या, मित्रांनो, पण मी एक जुनं भोक आहे. धायरीतल्या एका जुन्या मोटारीच्या पोटाखाली, ऑईल चेंबरच्या तळाशी माझी जागा. माझ्या अंगात आटे आणि त्यांत घट्ट बसणारा एक बोल्ट. इंजिनातलं सगळं ऑईल आम्हा दोघांच्या भरवशावर असतं.

आमचे मालक बजरंगअण्णा हयात होते तोवर माझं छान चाललं होतं. ते बोल्ट आधी बोटांनी फिरवायचे आणि शेवटी पान्याचा हलका हिसका द्यायचे. मग गाडी त्यांच्या मुलाकडे, पृथ्वीराजकडे आली. हे नाव घेताना आजही माझं डोकं फिरतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं ऑईल बदललं. पूजेच्या वेळी थेंब गळायला नको म्हणून तो जोर वाढवायला पान्याला लांब पाईप लावून बोल्ट पिळत बसला. त्याची बायको ऋतुजा म्हणाली, "अहो, बास की आता. घट्ट झालंय." त्यानं ऐकलं नाही. माझे अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून निघाले. त्यानं बोल्टभोवती गळती थांबवायची पेस्ट फासली. तरी मी वर्षभर ठिबकत राहिलो, आणि हा गावभर सांगत सुटला की जुनी गाडी, गळायचीच. आटे गेले तेही मी सोसलं असतं, पण हा आळ सोसवेना. मी सूड घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या दसऱ्याची वाट पाहिली.

अंगणात भावकी जमली होती. गाडीला झेंडूचा हार होता आणि पुढे उतारावर ऋतुजानं काढलेली रांगोळी. पृथ्वीराजनं ऐटीत गाडी चालू केली, रेस केली, आणि मी बोल्ट सोडला. काळंभोर ऑईल रांगोळी पुसत पाहुण्यांच्या चपलांपर्यंत गेलं. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. याला काही पत्ताच नाही, हा रेस करतोय. अजून थोडा वेळ गेला असता तर ऑईलविना इंजिन जाम होऊन गाडी माझ्यासकट भंगारात गेली असती. जाऊ दे, म्हटलं मी.

तेवढ्यात ऋतुजानं खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

"गाडी जुनी म्हणून नाही गळली," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुम्ही बोल्ट पिळलात म्हणून गळली."

पृथ्वीराज खाली उतरला आणि फडकं घेऊन पाहुण्यांच्या चपला पुसू लागला.

स्वारगेटजवळच्या गॅरेजात मला मोठं करून आत पोलादी आट्यांचा बुश, म्हणजे छोटी नळी, बसवला. माझे स्वतःचे आटे गेले ते गेलेच. आता पृथ्वीराज माझ्याखाली पाठीवर झोपून बोल्ट बोटांनी फिरवतो आणि मी मुद्दाम एखादा थेंब त्याच्या कपाळावर सोडतो.

मित्रांनो, बोल्ट अडला तर उलटा फिरवून काढा, जोर करू नका. आम्ही मुकाट सोसतो, पण लक्षात ठेवतो. पृथ्वीराजला मी माफ केलेलं नाही. तो पाईप अजून डिकीतच आहे.