नारळ फुटल्यावरचं मतदान

आमच्याकडे एकदा मारुतीपुढे नारळ फुटला की विषय संपला. मग ब्रह्मदेव आला तरी लोक जागचे हलत नाहीत. लग्नाला बारा वर्षं झाली, मला हे चांगलं माहीत होतं. तरी त्या रविवारी मी स्कूटी काढून मतं गोळा करायला निघाले, म्हणजे शहाणी मीच.

निवडणूक काही आमदारकीची नव्हती. पाणी वापर संस्थेची होती. दिंडोरीच्या अलीकडे मोठ्या कालव्यातून आमची चारी, म्हणजे छोटा पाट, निघते आणि चार किलोमीटर खाली येते. तिच्या तोंडाला हेड म्हणतात, शेवटाला टेल. आमचं शेत टेलला, अगदी शेवटचं. वीस वर्षांपूर्वी माझे सासरे पुंजाबाबा यांनी भांडून, हातापाया पडून एक रीत पाडली. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की पहिलं पाणी शेवटच्या शेताला, मग एकेक शेत वर सरकायचं. खालचं भिजल्याशिवाय आपला नंबर लागत नाही म्हटल्यावर वरचेच लोक चारी साफ ठेवतात, मधे कोणी पाइप टाकला तर तेच आरडाओरडा करतात. रीत मोडली, तर वरच्यांचं भिजेपर्यंत आवर्तन संपतं आणि आमच्या कांद्याला नुसती ओली माती दिसते.

संस्थेत सात संचालक. निवडणूक नेहमी बिनविरोध. यंदाही सहा जागा तशाच झाल्या, तीन रीत हवी म्हणणारे, तीन नको म्हणणारे. सातवी जागा टेलची. तिच्यासाठी माझ्या सासूबाई अक्काबाई यांनी अर्ज भरला आणि धनराजभाऊंनीही. धनराजभाऊंची द्राक्षबाग हेडला, पण मागल्या वर्षी त्यांनी खाली दोन एकर घेतलं, म्हणून तेही कागदावर टेलवाले झाले. "पाणी वरून खाली येतं, मग वाटपबी वरूनच पाहिजे," असं ते चावडीवर बोलून चुकले होते.

मग मारुतीच्या देवळात बैठक झाली. म्हाताऱ्या माणसांनी धनराजभाऊंना समजावलं, त्यांनी माघार घेतो म्हणून नारळ फोडला, पेढे वाटले. मीही एक खाल्ला. पण माघारीच्या दिवशी त्यांच्या बागेत छाटणीचे मजूर आले होते. त्या गडबडीत ते माघारीचा अर्ज घेऊन पोचले दुसऱ्या दिवशी. निवडणुकीच्या साहेबांनी घड्याळाऐवजी कॅलेंडर दाखवलं. झालं, मतपत्रिकेवर दोन्ही नावं राहिली. अक्काबाईंना कपबशी, धनराजभाऊंना शिट्टी.

मतदार एकशे शहाण्णव. दुपारी बारापर्यंत शाळेत मतं पडली सात, आणि सातही धनराजभाऊंच्या भाऊकीतली. त्यांचा पुतण्या योगेश सगळ्यांना जीपमधून घेऊन आला होता. ते पाहून मी स्कूटी काढली.

मी आधी टेलच्याच समाधानकडे गेले. तो बागेत छाटलेल्या काड्या गोळा करत होता.

"वहिनी, नारळ फुटलाय ना?" तो म्हणाला. "मग आता मत टाकाया गेलो तर धनराजभाऊ म्हणल, माझ्या शब्दावर भरोसा नाय का तुमचा? तोंड कसं दाखवू?"

"आणि योगेश गेला त्याचं काय?"

"तो येडा हाय."

विमलाबाईंचं उत्तर तेच, फक्त लांब. नवनाथ म्हणाला, नाव वडिलांचं आहे आणि ते वारून सहा वर्षं झाली. कित्येक नावं अशीच, काही देवाघरी, काही सातपूरच्या कारखान्यांत. आणि जी मी उन्हात राबते, रात्रीपाळीला चारीवर बॅटरी घेऊन फिरते, त्या माझं नाव यादीत नाही, कारण सातबाऱ्यावर नाही, तिथे फक्त सासूबाईंचं. मत फक्त सातबाऱ्याला. मला इतका राग आला की विमलाबाईंच्या अंगणातल्या कोंबड्यांनाही मी दोन शब्द सुनावले.

चार वाजेपर्यंत ओढूनताणून सहा जण नेले. समाधान त्यात शेवटचा, तोही मान खाली घालून गेला. मतदान पाचपर्यंत. सातास सहा. मी घरी धावले. सासूबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"आई, उठा. तुमचं स्वतःचं मत राहिलंय."

"मी नाय येत. त्यानं देवापुढं शब्द दिलाय. मी गेले तर त्याला खोटा पाडल्यासारखं होईल."

"पाणी गेलं तर?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली, पण उठल्या नाहीत. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. धनराजभाऊ स्वतः.

"अक्का, चल," ते म्हणाले. घामाघूम झाले होते. "मला आता कळलं. योगेशनं घोळ घातलाय. माझं मत मी तुलाच टाकतो, पण तूबी चल. नाय तर मी गावात राहू कसा?"

सासूबाई पदर सावरून त्यांच्या मागे बसल्या. पाचला दहा कमी असताना दोघंही शाळेत शिरली, दोघंही बोटाला शाई लावून बाहेर आली. मी मनात हिशोब केला, आठास सात. जिंकलो. मी चक्क योगेशकडे बघून हसले.

साहेबांनी दहा मिनिटांत मोजणी उरकली. एकूण पंधरा. कपबशी सात, शिट्टी आठ.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शाळेच्या खिडकीकडे बघत होत्या.

घरी येईपर्यंत मी कळ काढली. मग विचारलं, "तुम्ही शिक्का कुठं मारला?"

"मत गुप्त असतं," त्या म्हणाल्या.

"आई!"

"अगं, तो बिचारा गाडीवर बसवून घेऊन गेला. आणि स्वतःच्याच नावावर शिक्का मारायला माझा हात धजला नाय. वाटलं, तू एवढी फिरलीस, मी येणारच निवडून. त्याच्याबी पदरात एक असावं."

मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही. भाजीत मीठ जास्त पडलं ते मुद्दाम नव्हतं, पण मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

सकाळी चहाच्या वेळेला धनराजभाऊ आले. ओट्याच्या कडेला बसले, टोपी काढून हातात धरली.

"अक्का, भाऊकीची सात. माझं तुला. मग आठवं कोणाचं?"

"चहा घे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो गार होईपर्यंत तसेच बसून राहिले. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, पाण्याची काळजी करू नका."

मी करत राहिले. पुढल्या आठवड्यात संचालकांची बैठक झाली. रीत ठेवायची का यावर तीन हात वर, तीन हात खाली, आणि सातवा हात धनराजभाऊंचा. त्यांनी तो टेलच्या बाजूने वर केला. हेडच्या माणसांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं.

मार्गशीर्षात पहिलं आवर्तन सुटलं. मी सकाळी शेतात पाणी घ्यायच्या दाराशी गेले तर धनराजभाऊ आधीच तिथे, फावड्याने गाळ ओढत. पाणी आलं, पालापाचोळा पुढे ढकलत, आणि आमच्या कांद्याच्या पहिल्या वाफ्यात शिरलं. सासूबाई बांधावर उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. राग कधीच गेला होता, पण मी ते त्यांना सांगितलं नव्हतं.

"उद्या तलाठ्याकडं चल," त्या म्हणाल्या. "दोन गुंठे तुझ्या नावावर करायचेत."

"मला कशाला?"

"पुढल्या निवडणुकीला मी परत उभी राहीन. आणि माझ्याच्यानं मला मत देववत नाय, ते तर तू बघितलंस." त्यांनी चिखलातला पाय उचलून बांधावर पुसला. "ते तू दे."