वैनी म्हणणारी लेकरं

आमच्या घरात कुणाला काय म्हणायचं ते कुणी शिकवत न्हाई. लेकरू ऐकतं तसं बोलतं. माझा थोरला किशन, त्याची बायको बबिता. धाकटा हनुमंत तिला वैनी म्हणतो, म्हणून तिच्या पोटची ऋतुजाबी तिला वैनीच म्हणती. न् किशन-हनुमंत मला आई म्हणतात, म्हणून ऋतुजाची आई मी. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, तशी बबिता मला आत्या म्हणती. अहमदपूरकडं कितीक घरांत असंच चालतं. त्यानं कुणाचं काही बिघडत न्हाई, असं मला वाटायचं.

बबिता नर्स हाय. शिवू, म्हणजे ऋतुजाच्या पाठचा शिवकुमार, नुकताच पावलं टाकायला लागला होता, तवा तिला औरंगाबादला नोकरी लागली. आता संभाजीनगर म्हणतात, पण आमच्या तोंडात जुनंच बसलंय. "जा बाई, एवढी शिकलीस ती कशाला मग," असं मीच म्हणले होते. लेकरं माझ्यापाशी ठेवून ती गेली. शिवू माझ्या कुशीत झोपायला लागला, माझ्या ताटात जेवायला लागला, न् तोंड फुटलं तसं मलाच आई म्हणला. खोटं कशाला बोलू, मला लई गोड वाटलं. वैनी म्हणजे त्याच्या लेखी फोनमधली बाई. फोन वाजला की "वैनी, वैनी" करायचा, न् फोन ठेवला की कोंबड्यांमागं पळायचा.

आता बबिताला नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला, कायमची नोकरी मिळाली. तिनं खोली बघितली, ऋतुजासाठी शाळा बघितली. मग मला फोन केला. "आत्या, लेकरं घेऊन दोन दिवस इकडं औरंगाबादला या. त्यांना नहर दावते, पाणचक्की दावते. शिवू माझ्यापाशी रमला, तर दोघांना नांदेडला माझ्यासंगं न्हेते. न्हाई रमला, तर तुमच्यापाशीच राहू द्या. मी पुन्हा त्याचं नाव काढणार न्हाई."

मी हाव म्हणले. मनात म्हणले, बघूच.

यष्टीत बसवायला किशन आला होता. "आई, फिरायला चाललीस की भांडायला?" म्हणला. "तू तुझं सोयाबीन बघ," म्हणले मी. त्याचा जीव दोन्हीकडं अडकलेला, त्याला बिचाऱ्याला कुणीच काही विचारलं नव्हतं.

स्टँडवर बबिता घ्यायला आली, तर शिवू माझ्या पदरात शिरला. फोनमधली बाई येवढी मोठी कशी झाली, हेच त्याला कळंना. तिनं आणलेली मोटार त्यानं घेतली, खेळला, पण तिच्या मांडीवर काही बसला न्हाई. रात्री तिच्याजवळ झोपवला तर रडून रडून माझ्या अंथरुणात आला. बबितानं पांघरूण आणून त्याच्या पायावर टाकलं न् उशाला बसून राहिली. मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पाणचक्कीला गेलो. ऋतुजा वाटंनं सारखी, "वैनी, नहर कुठाय? नावा कुठायत?" तिनं फोनवर कुठल्या तरी परदेशातलं गाव बघितलेलं. तिथं म्हणे गल्ल्यागल्ल्यांत पाणी, न् दारात नाव बांधलेली असती.

"नहर तुझ्या पायाखाली हाय," बबिता म्हणली. "वरनं दिसत न्हाई."

ऋतुजानं पाय आपटून बघितला. मग माझ्याकडं बघून म्हणली, "आई, ही फसवून राहिली आपल्याला." मला हसू आलं. बबिताबी हसली, पण जरा उशिरानं हसली.

आत मोठा हौद हाय. त्यात मासे. एका अंगाला उंच भिंत, तिच्या वरनं पाणी धो-धो हौदात पडून राहिलेलं. बबितानं लेकरांना सांगितलं, हे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, जुन्या लोकांनी जमिनीखालनं मातीचे नळ टाकून इथवर आणलं. त्याच्या जोरावर चक्की फिरायची, न् त्या पिठाच्या भाकरी वाटंच्या मुसाफिरांना मिळायच्या. गावात अशा आणिक नहरी होत्या म्हणे, सगळ्या भुईच्या पोटातनं. मी म्हणले, "आमच्याकडं नळाला पाणी आलं की गल्लीभर ओरडून सांगावं लागतं, न् ह्या लोकांनी न बोलता डोंगर घरात आणला." बबिता म्हणली, "हाव ना आत्या." तिचं ध्यान शिवूकडं होतं. तो माशांना वाकून बघायचा न् ती मागनं त्याचा सदरा धरायला हात पुढं करायची. तो वळून बघायचा, की हात मागं घ्यायची. स्वतःच्या लेकराला हात लावायला बाई भिऊन राहिली होती.

वडाच्या सावलीत टेकलो. तिनं बिस्किटाचा पुडा फोडला. शिवू गेला, तिच्या हातातनं बिस्कीट घेतलं न् माझ्या मांडीवर येऊन खाल्लं. मला बरं वाटलं. जिंकल्यासारखंच वाटलं म्हणा ना.

शेजारी एक बाई आपल्या पोरीला घेऊन बसलेली. शहरातलीच असावी, बोलकी होती. मघापासून आमचं ऐकत होती. बबिताला म्हणली, "गोड आहेत हो मुलं. तुमची कोण?"

बबितानं एकदा ऋतुजाकडं बघितलं, एकदा शिवूकडं. म्हणली, "दिराची हायत. फिरवायला आणलीत."

मी कान टवकारले. दिराची? हनुमंताचं अजून लग्न जमंना, पोरी बघून आमच्या चपला झिजल्या. अस्सा संताप आला मला. नऊ महिने वागवलेली लेकरं, न् कुण्या परक्या बाईपुढं नाकारती? तोंड उघडलं होतं मी बोलायला. पण बबितानं मान खाली घातली, बिस्किटाच्या पुड्याची घडी घालत बसली, उलगडायची न् पुन्हा घालायची. तवा माझ्या ध्यानात आलं. आई मला, वैनी तिला, हे त्या बाईनं मघापासून ऐकलेलं. 'माझी हायत' म्हणलं असतं, तर मग ती तुला वैनी का म्हणतात, ते सगळं सांगावं लागलं असतं. एवढं सांगण्यापेक्षा लेकरं दिराची म्हणणं तिला सोपं गेलं. मी तिला काही शिवी दिली नव्हती, लेकरं हिसकावली नव्हती. लेकरांनी आई म्हणलं की नुसती ओ देत गेले. त्यानंच ही गत झाली.

तेवढ्यात शिवू हौदाकडं पळाला. ओल्या फरशीवर पाय सरकला न् तोंडावर पडला. ओठ फुटला. उठून बसला न् जीव खाऊन ओरडला, "आई!"

माझ्या नरड्याशी ओ आली होती. मी ती गिळली. दोन्ही हात पदराखाली घेतले न् पडत्या पाण्याकडं बघत बसले.

"आई!" पुन्हा हाक. बबिता अर्धी उठलेली, माझ्याकडं बघून राहिली. सवयच झालेली तिला, मी उठायची वाट बघायची.

ऋतुजानं माझं कोपर हलवलं. "आई, शिवू तुला हाका मारून राहिला."

"मला न्हाई मारून राहिला," मी म्हणले. आवाज चढला माझा. "बबिता, लेकरू आई म्हणून रडून राहिलंय, न् तू काय बघती बसलीस? ओ दे त्याला."

ती मग पळत सुटली. "ओ," म्हणली. "ओ बाळा, ओ." त्याला उचलून छातीशी धरलं, ओढणीनं ओठ पुसला. तो हातपाय झाडत होता, तरी तिनं सोडला न्हाई.

ती शेजारची बाई माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हणले, "दोन्ही लेकरं तिचीच हायत. मी आजी हाय त्यांची. उद्या मी एकटीच माघारी जाणार हाय."

बबितानं ते ऐकलं. ती शिवूला घेऊन येरझाऱ्या घालत राहिली. शिवूचं रडणं कमी व्हायला लागलं. पण तिच्या खांद्यावरनं तो माझ्याकडंच बघत होता, न् एक हात लांब करून अजून मलाच आई म्हणत होता. प्रत्येक हाकेला ती ओ देत होती.