होदूगोलवालीचं माहेर

"आजी, ती पिशवी बसमध्येच राहू द्या. वर चढ आहे," मी म्हणाले.

"पिशवी माझी, हात माझा. तुझं काय दुखतंय?" असं म्हणून होदूगोलवाली आजी बसच्या पायऱ्या आडव्या अंगानं, एकेक करत उतरू लागली. खाली पोहांगवाली हात पुढे करून उभी होती. आजीनं तो हात धरला नाही.

आमच्या गावात लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव वेशीबाहेरच राहतं. ती ज्या गावाहून आली, त्या गावानं तिला हाक मारायची. मी मोक्पोची म्हणून मोक्पोवाली. महिला मंडळाची अध्यक्ष झाले तरी मोक्पोवालीच. आजीचं गाव होदूगोल, अक्रोडांचं खोरं. ते धरणाखाली गेलं त्याला जन्म लोटला. गाव बुडालं, पण आम्ही रोज त्याच्या नावानं हाका मारत होतो. होदूगोलवाली, मिरच्या वाळल्या का. होदूगोलवाली, तुमचं कुत्रं आमच्या मुळ्यात शिरलंय.

मंडळाच्या सहलीला ही बाई कधी आली नव्हती. आणि या वसंतात एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणाली, "यंदाची सहल धरणावर न्यायची."

"आजी, बायकांना समुद्र हवाय. शरदात खेकडे भरलेले असतात."

"खेकडे बाजारात येतात. धरण येतं का?"

मी हसून विषय सोडून दिला. तिनं नाही सोडला. उन्हाळाभर ती दारोदार फिरली. हिच्या मिरच्या तोडून दे, तिचे तीळ झोडून दे. गुडघे असे की उठताना जमिनीला हात टेकायचा, तरी फिरली. मंडळाच्या बैठकीत मी हात वर करायला सांगितले, तर धरणासाठी हातच हात. पोहांगवालीनंसुद्धा हात वर केला, जिचा जीव खेकड्यांत अडकलेला असतो.

"म्हातारीनं माझा सगळा लसूण सोलून दिला," ती माझ्या कानात कुरकुरली. "आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

आणि ते केस. आमच्याकडे साठी ओलांडली की सगळ्या बायकांच्या डोक्यावर एकच कुरळं टोपलं असतं. मागून बघितलं तर कोण कुणाची सासू ते कळत नाही. होदूगोलवालीनं मात्र दोन वर्षं पार्लरची पायरी चढली नव्हती. पांढऱ्या विरळ केसांचा एवढासा अंबाडा घालून हिंडायची.

"आजी, कुणी बघून ठेवलाय की काय?" पोहांगवालीनं एकदा टोमणा मारला होता.

"तुझा सासरा बघितला होता. पण तो मेला, आता काय करू?"

एवढं बोलायची, पण धरणावर का जायचं ते विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हती.

कळलं ते त्या दिवशी, बसमध्ये. मागे नेहमीप्रमाणे गाणी लागली होती, बायका सीटांच्या मधल्या वाटेत नाचत होत्या, आणि ड्रायव्हर दर वळणावर ओरडत होता की पोलिसानं बघितलं तर माझं लायसन्स जाईल. मी आजीशेजारी बसले. तिच्या मांडीवर ती पिशवी होती. मी सहज बोट लावलं, तर आत जाडं, खरखरीत कापड लागलं. तागाचं. तागाचे कपडे आमच्याकडे मयताच्या सुतकातच घालतात, हे लहान पोरालाही माहीत असतं.

"आजी, कुणासाठी?"

"आईसाठी."

"आई कधी गेली तुमची?"

"माझा थोरला जन्मला त्या आठवड्यात."

तिचा थोरला आता साठीच्या आसपास आला आहे. जहाजाच्या कारखान्यात होता, निवृत्त झाला, त्यालाही नातू झाला.

आजीनं सांगितलं ते असं. तिची पहिली दोन बाळं राहिली नव्हती. हे तिसरं. दाराला डाव्या पिळाची दोरी बांधली होती, मुलगा म्हणून तिच्यात लाल मिरच्या खोवल्या होत्या. दोरी सुटेपर्यंत बाहेरचं माणूस आत नाही, आतलं बाहेर नाही. अशात होदूगोलहून निरोप्या आला. आत येता येईना, म्हणून दोरीबाहेर उभा राहून ओरडून सांगून गेला. बाळंतिणीनं मढ्याचं घर बघितलं तर बाळ दगावतं, असं सासू म्हणाली.

"सासूनं जाऊ दिलं नाही?"

"सासूचं नाव कशाला घेऊ? मीच गेले नाही. दोन गेली होती. हे तिसरंही गेलं असतं तर?" ती खिडकीकडे बघत म्हणाली. "सासरी गेलेल्या लेकीनं केस सोडून वेशीपासून रडत यायचं असतं. आईच्या वेशीत माझा आवाज गेलाच नाही. पुढच्या वर्षी धरणवाले आले. भावानं घर सोडलं, आईला उकरून दुसरीकडे पुरलं. तिथं जाते मी, नमस्कार करते. पण ते थडगं. घरी जायचं राहिलं ते राहिलंच."

"मग थोरल्याला सांगायचं. गाडी आहे त्याच्याकडे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी किती मूर्ख आहे ते मला कळलं.

"त्याला काय सांगू? तुझ्यामुळे राहिलं म्हणून?"

पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर चढ चढता येईल की नाही, डॉक्टर नक्की सांगत नव्हता. म्हणून लसूण, म्हणून मिरच्या.

तर धरणावर पोहोचलो. डोंगर लाल-पिवळे झालेले, खाली निळं पाणी, पाण्यावर सहलीच्या बोटी. बायका माशांच्या तिखट रश्श्याच्या वासानं सरळ हॉटेलाकडे वळल्या. आजी वर बघत होती. बुडालेल्या गावांतली चार जुनी घरं खांबा-कौलांसकट उचलून तिथं टेकडीवर मांडून ठेवली आहेत. लोक फोटो काढायला येतात. त्यातलं एक मिन घराण्याचं. आजी त्या घरची लेक.

मी पोहांगवालीला सगळं सांगितलं. एरवी तिची जीभ चुरूचुरू चालते, त्या दिवशी पाय चालले. रस्सा सोडून आमच्याबरोबर वर आली.

घर नीटनेटकं होतं. फारच नीटनेटकं. चुलीला राख नाही, भिंतीला काजळी नाही. ओसरीपुढे दोरी बांधलेली आणि पाटी: वर चढू नये. शेजारी लाल जाकिटातला एक म्हातारा राखणदार स्टुलावर बसून दोन अक्रोड तळहातात घोळवत होता. कट्, कट्. जाकिटावर त्याचं आडनाव होतं, योम.

आजीनं सरळ दोरीला हात घातला.

"अहो आजी, पाटी वाचली नाही का?" योम उठला. गळ्यात शिट्टी होती.

"पाटी लावताना मला विचारलं होतं का? माझ्या बापाचं घर आहे."

"असं म्हणणारे मला रोज भेटतात. परवा एक जण तर राजाचा वंशज होता."

"मी मिन घरची लेक. आत आईच्या खोलीत जायचंय."

"असाल हो. पण एकाला चढू दिलं तर सगळे चढतात. ओसरीच्या फळ्या पिचतात. वरून मला बोलणी बसतात." माणूस वाईट नव्हता. कंटाळलेला होता, रोज तेच बोलून बोलून.

मी मंडळाची अध्यक्ष म्हणून घसा साफ करून पुढे झाले. आजीनं मला मागे सारलं. योमला ती एवढंच म्हणाली, "बरं. बसा तुम्ही. मी परत येते."

मला वाटलं, हरली. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. पण ती खाली उतरून स्वच्छतागृहात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर तागाचा पिवळट झगा होता आणि केस मोकळे. दोन वर्षांचे ते केस खांद्याच्या जेमतेम खाली आले होते. पोहांगवालीनं ते बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"मी किती चिडवलं गं हिला," ती म्हणाली.

चढाच्या पायथ्याशी आजी थांबली. तीच तिनं वेस धरली असावी. कठडा पकडला, आणि तिनं आवाज काढला.

"आइगो. आइगो, आई."

साधं रडणं नव्हतं ते. जुन्या बायका रडतात तसं, पोटातून उचलून लांबवर फेकलेलं. एक पाऊल, एक आइगो. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय ओढून वर घ्यायची. आम्ही दोघी मागे. धरायला गेलो तर कोपरानं ढकलायची.

वाटेत सहलीला आलेल्या पोरापोरींचा घोळका होता, भाड्याचे जुन्या धाटणीचे रेशमी पोशाख घातलेला. त्यांनी फोन वर केले. अशा जागी जुन्या चालीरीतींचे खेळ करून दाखवतात. त्यांना वाटलं हा तसलाच कार्यक्रम. एक मुलगी म्हणाली, "किती खरंखुरं करतात ना." आजी फाटकातून अंगणात शिरली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझ्याआधी शिट्टी वाजली. योमनं ती इतक्या जोरात फुंकली की पाखरं उडाली. "फोन खाली," तो त्या पोरांना म्हणाला. "कुणाची तरी आई गेलीये."

फोन खाली गेले. एकानं टोपी काढली.

आजी ओसरीपुढच्या दोरीपाशी आली आणि थांबली. पुढे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लेक रडत आली की घरातल्यांनी आतून रडून उत्तर द्यायचं असतं. भाऊ ओसरीवर उभा असायला हवा. भाऊ कधीच गेला होता. तिचं आइगो त्या रिकाम्या घरात गेलं आणि कुणी उत्तर दिलं नाही. ती पुन्हा रडली. पुन्हा तेच. मला ते ऐकवेना.

योमनं हातातले अक्रोड खिशात टाकले. लाल जाकीट काढून स्टुलावर ठेवलं. दोरी सोडली, बूट काढले, ओसरीवर चढला आणि मृताचा मुलगा उभा राहतो तिथं, खाली मान घालून उभा राहिला.

"आइगो," तो म्हणाला. हळूच. मग मोठ्यानं, "आइगो, आइगो."

आजीनं बूट काढले. हात टेकून, गुडघा टेकून, रांगत ओसरीवर चढली. आईच्या खोलीचं कागदी दार बंद होतं. त्याच्यासमोर ती उभी राहिली आणि तिनं पूर्ण नमस्कार घातला, कपाळ जमिनीला टेकवून. त्या गुडघ्यांनी. उठली, दुसऱ्यांदा घातला. मग ती योमकडे वळून वाकली, आणि योमही तिच्यासमोर वाकला.

मग ती दाराला हात लावून बसली.

"आई, उशीर झाला," ती म्हणाली. "पोरगा जगला गं. तेच सांगायला आले. पोरगा जगला."

पोहांगवाली अंगणात बसून हमसून हमसून रडत होती. मीही रडले. माझी आई मोक्पोला वारली तेव्हा मी पोहोचले होते, आणि तिथं मी जेवणाच्या ताटांवरून वहिनीशी भांडले होते. तेच आठवत राहिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. आजी उठली, केस मागे घेतले, डोळे पुसले. ओसरीच्या कडेला आली तर खाली दगडावर तिचे बूट वळवून ठेवलेले होते, तोंडं बाहेरच्या बाजूला, निघणाऱ्याला पाय घालायला सोपं पडावं असे. योम तोवर पुन्हा लाल जाकीट घालून दोरी बांधत होता.

"दादा, तुम्हाला बोलणी बसतील," आजी म्हणाली.

"बसू देत. रोजच बसतात." त्यानं खिशात हात घातला आणि ते दोन अक्रोड तिच्या तळहातावर ठेवले. वर्षानुवर्षं घोळवून काळेभोर, गुळगुळीत झालेले. "माहेराहून लेकीनं रिकाम्या हाती जायचं नसतं. माझ्याकडे हेच आहेत."

ती नको म्हणाली नाही.

परतीच्या बसमध्ये गाणी लागली. बाकीच्यांना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांचं रश्श्याबद्दल चाललं होतं, मासा शिळा होता की नव्हता. पोहांगवाली आजीमागच्या सीटवर बसून तिचे केस विंचरत होती.

"उद्या पार्लरला नेशील का?" आजी तिला म्हणाली. "कुरळे करून घेते. मानेला टोचतात."

"नेते," पोहांगवाली म्हणाली. चिडवलं नाही.

तेवढ्यात आजीचा फोन वाजला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ती नेहमी स्पीकरवर बोलते. थोरला होता.

"आई, फोन का उचलत नव्हतीस? कुठे गेली होतीस?"

"मंडळाबरोबर. धरण बघायला."

"त्या गुडघ्यांनी? काय आहे तिथं एवढं?"

"पाणी आहे. जुनी घरं आहेत," आजी म्हणाली. "चांगली ठेवलीत."

"जेवलीस का?"

"जेवले. तू जेवलास का?"

"जेवलो."

"मग झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती जेवली नव्हती. मागे कुणीतरी गाण्याचा आवाज वाढवला, तरी तिच्या मुठीतले अक्रोड मला गावाची वेस येईपर्यंत ऐकू येत होते.